तांदळाच्या चार गोण्या आणि एक मोटार

मोटारीकडे बघणारे लोक दोन जातींचे. एक, रंगावरून बोट फिरवून पाहणारे. आणि दुसरे, बॉनेट उघडून, आतले काही न कळताही गंभीरपणे मान डोलावणारे. चाकाच्या आत, मडगार्डच्या अंधारात डोकावणारा तिसरा माणूस विरळा. खरे म्हणजे गाडी सरळ का चालते, वळणावर रस्ता का धरून राहते आणि खड्ड्यातून गेल्यावर आपल्या कमरेचे काय होते, हे सगळे त्या चिखलाने माखलेल्या जागेतच ठरते. एरवी हे सदर मी दीड पानात आटपतो. यंदा दिवाळी अंक म्हणून संपादकांनी पाय पसरायला जागा दिली आहे, तेव्हा गाडीखाली उताणे पडून बघण्यासारखा विषय घ्यावा म्हटले.

आपल्याकडे घरी करायच्या वस्तू म्हणजे चकली, चिवडा आणि फार तर आकाशकंदील. इंग्लंडात काही लोक घरी मोटार करतात. या छंदाच्या मुळाशी, पुष्कळ चांगल्या गोष्टींच्या मुळाशी असतो तसा, कर वाचवण्याचा विचार आहे. तयार मोटारीवर तिकडे 'पर्चेस टॅक्स' नावाचा जबर कर असे. सुट्या भागांवर तो नव्हता. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची हलकीफुलकी, दोन माणसांची गाडी काढली. तिचे भाग खोक्यांतून घरी न्यायचे आणि आपल्या हाताने जोडायचे, म्हणजे कर वाचला. सरकारची अट एवढीच, की जोडणी कशी करायची ते सांगणारी पुस्तिका बरोबर देता कामा नये. त्यावर कंपनीने गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचली, अशी गोष्ट तिकडे मोठ्या चवीने सांगतात. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी 'सेव्हन' बनवण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण लोकांच्या हाताला लागलेली खोड काही गेली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिले. चौकोनी नळ्या आणायच्या, सांगाडा स्वतः वेल्ड करायचा, आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल त्यात बसवायचा. अशा गाड्यांना तिकडे 'लोकॉस्ट' म्हणतात.

आपल्याकडेही असे हात होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली होती. तिचा कारखाना काही निघाला नाही. आज कोणी घरी गाडी बांधली तर ती रस्त्यावर आणणे महाकर्मकठीण. कंपनीने केलेल्या मूळ रचनेत बदल करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले आहे. आपली इंजिनिअरिंग कॉलेजची मुले 'बाहा'सारख्या स्पर्धांसाठी गाड्या बांधतात, त्या मैदानापुरत्या. इंग्लंडात मात्र घरच्या गाडीला सरकारी परीक्षा आहे. ती उतरली की नंबरपाटी मिळते.

असो. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मी लेस्टरला लेकीकडे होतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला परदेशात दोनच उद्योग असतात : नातवाला शाळेत पोचवणे आणि लोकांच्या भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत ते बघणे. शेजारच्या घराची भिंत ओळंब्यात होती. आत मात्र एक माणूस मोटारीखाली झोपलेला होता. त्यांचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून मी त्यांना मिस्त्री म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला मिस्त्रीणबाई. लेस्टर हे मोज्या-बनियनांचे गाव. मिस्त्रींनी विणकामाची यंत्रे दुरुस्त करण्यात जन्म घालवला. बाई मोज्यांच्या गिरणीत, स्टुलावर वाकून मोज्यांचे चवडे शिवायला बसत. एकतीस वर्षे बसल्या. त्यात कंबर गेली. आता त्या घरातल्या घरात काठी घेऊन चालतात, आणि बसले की पुन्हा विणतातच.

मिस्त्रींची गाडी दोन वर्षे चालली होती. मी गेलो तेव्हा सांगाडा, इंजिन, चाके, स्टिअरिंग, सगळे जागेवर आले होते. गाडी स्वतःच्या चार पायांवर उभी होती. उरले होते ते सस्पेन्शन लावणे. म्हणजे भाग बसवणे नव्हे, ते बसलेलेच होते, तर त्यांचा मेळ घालणे. तंबोरा विकत घेणे वेगळे आणि लावणे वेगळे, तसे.

पहिली अडचण जमिनीची निघाली. मोटारीचे माप घ्यायचे तर जमीन सपाट पाहिजे, आणि गॅरेजची जमीन पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती असते. मिस्त्री स्पिरिट लेव्हल घेऊन चार चाकांखाली रांगत होते. मी लेकीच्या बागेतली पारदर्शक नळी आणली, पाणी भरले आणि एक टोक त्यांच्या हातात दिले. आपल्याकडचा कोणताही गवंडी जोते काढताना हेच करतो. नळीत बुडबुडा राहू दिला नाही, की पाणी दोन्ही टोकांना एका पातळीवर येऊन थांबते. त्याच्याशी वाद घालता येत नाही. दाराकडची डावी बाजू ११ मिलिमीटर खाली निघाली. फरशीचे पातळ तुकडे चाकांखाली सारून ती भरून काढली. त्या दिवसापासून मला त्या गॅरेजात विनापरवाना प्रवेश मिळाला.

पण खरा घोटाळा स्प्रिंगांचा होता. एके दिवशी बाई काठी टेकत आल्या आणि डाव्या आसनावर बसल्या. मिस्त्रींचा मुलगा आला होता. त्याने बॉनेटवर दोन्ही हात टेकून सगळा भार दिला. गाडी हलली नाही. खड्ड्याचा धक्का म्हणून त्याने पुढचे चाक तीन इंची फळीवर चढवून खाली सोडले. बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "गाडी छान झाली आहे. मी घरीच थांबेन."

मिस्त्री काही बोलले नाहीत. हातातला पाना पुसत राहिले. ही गाडी त्यांनी कशासाठी आरंभिली होती, ते मला नंतर कळले. गिरणीला सुट्टी लागली की लेस्टरचे कामगार स्केगनेसच्या समुद्रावर जात. लग्नानंतर पहिल्यांदा ही दोघे तिथे गेली ती उसन्या घेतलेल्या उघड्या गाडीतून. तशाच गाडीतून एकदा पुन्हा जायचे, एवढेच होते. आणि जिला न्यायचे तीच घरी थांबायचे म्हणत होती.

स्प्रिंगा मुलाने मागवल्या होत्या. शर्यतीच्या मैदानात अशाच गाड्या पळवणाऱ्यांनी त्याला माप सांगितले होते : पुढे ३५० पौंडांच्या, मागे १६० पौंडांच्या. म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला तेवढा जोर लागतो. (सगळे जग मेट्रिक झाले तरी स्प्रिंगांच्या बाबतीत इंग्रज माणूस अजून पौंडातच विचार करतो.) मुलाचे म्हणणे, गाडी कडक असेल तरच ती वळणावर झुकत नाही, चाक डगमगत नाही. हे शर्यतीपुरते खरेही आहे. तिथला रस्ता काचेसारखा असतो, आणि बसणाऱ्याच्या कमरेची चौकशी कोणी करत नाही.

आता इथे थोडा हिशेब सांगतो. वही-पेन्सिल लागणार नाही. या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन तिकोनी हात असतात, त्यांना विशबोन म्हणतात. स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवती गुंडाळलेली असते आणि ती खालच्या हाताला टेकते. पण चाकाजवळ नव्हे, थोडी आत. दार बिजागरीजवळ धरून ढकलून बघा : हात थोडाच सरकतो आणि जोर मात्र फार लागतो. इथेही तसेच. मिस्त्रींच्या गाडीत चाक एक इंच उचलले की स्प्रिंग ०.६३ इंचच दबे. शिवाय स्प्रिंगेचा जोर चाकापर्यंत पोचतो तोही त्याच प्रमाणात घटून. म्हणून त्या आकड्याचा एकदा नव्हे, दोनदा गुणाकार, ०.६३ गुणिले ०.६३ म्हणजे सुमारे ०.४. तेव्हा ३५० पौंडांची स्प्रिंग चाकापाशी १३९ पौंडांचीच भरते. एवढ्याने ती मऊ झाली असे मात्र नाही, कारण गाडीच केवढीशी! सगळी मिळून ५४० किलो. पुढच्या एका स्प्रिंगेवर ड्रायव्हरसकट ११६ किलोंच्या आसपासच भार.

स्प्रिंग मऊ की कडक, हे एकट्या स्प्रिंगेवर ठरत नाही. तिच्यावर कोण बसले आहे यावर ठरते. झोपाळ्याला जसा त्याचा झोका ठरलेला, तशी स्प्रिंगेवर ठेवलेल्या वजनाची एक ठरलेली लय असते. घरगुती मोटारींत ती मिनिटाला ६० ते ९० हेलकाव्यांची असते. माणसाचे चालणेही साधारण त्याच लयीच्या आसपासचे, म्हणून ती अंगाला सोसते. मिस्त्रींच्या गाडीचा हिशेब केला तेव्हा पुढे मिनिटाला १३८ आणि मागे १४५ निघाले. हा प्रवास नव्हे, ही चाळण.

स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. जितका ताण तितका जोर, एवढासा नियम. पण दुसऱ्या कोणी तो उचलू नये म्हणून त्याने १६७६ साली तो अक्षरे उलटीपालटी करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली उलगडून सांगितला. पुढे मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरने, आधी रोल्स-रॉइसमध्ये आणि मग १९३०नंतर अमेरिकेत, माणसे गाडीत बसवून आणि वजने मागेपुढे सरकवून एक गोष्ट दाखवून दिली : मागची लय पुढच्या लयीपेक्षा थोडी जलद ठेवावी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी होडीसारखी नाक-शेपूट न आपटता सपाट उचलली जाते. कमरेला त्रास होतो तो या आपटण्याचा.

मी हे आकडे वहीच्या पानावर मांडून मिस्त्रींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते तपासले. यंत्रे दुरुस्त केलेल्या माणसाला हिशेबाची भीती नसते. मग त्यांनी मुलाला फोन लावला. बोलणे पुष्कळ झाले. मला एकच वाक्य ऐकू आले : "अरे, शर्यतीला तू जा. मला स्केगनेसला जायचे आहे." पुढे २०० आणि मागे १०० पौंडांच्या स्प्रिंगा आल्या. दोघे बसल्यावर पुढची लय १०० आणि मागची १०७. घरगुती गाडीपेक्षा जरा कडकच, पण एवढ्या बुटक्या गाडीला तेवढे हवे. फार मऊ केली तर पोट रस्त्याला घासायचे. मुलाला हे अजून पटलेले नाही. पटायलाच हवे असेही नाही.

नव्या स्प्रिंगा बसवल्या आणि तिथून पुढचे काम मात्र देवपूजेसारखे, क्रमाने. एक बदलले की दुसरे बदलते, म्हणून पायरी चुकवून चालत नाही. आधी गाडीची उंची. प्रत्येक स्प्रिंगेच्या बुडाशी आट्यांवर फिरणारी एक रिंग असते. ती वर फिरवली की तो कोपरा उचलला जातो. पण उंची मोजायची ती रिकाम्या गाडीची नव्हे. साडेपाचशे किलोंच्या गाडीत ऐंशी किलोंचा माणूस बसला, की ती वेगळीच गाडी होते. मिस्त्री ऐंशी किलोंचे. पण तेच आत बसले तर खाली झोपून रिंगा कोण फिरवणार? लेकीकडे बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या तांदळाच्या गोण्या होत्या, वीस-वीस किलोंच्या चार. (लेस्टरच्या या रस्त्यावर दिवाळीत अशी रोषणाई असते, की आपण परदेशात आहोत हे थंडी वाजल्यावरच आठवते.) चार गोण्या ड्रायव्हरच्या आसनावर रचल्या. शेजारच्या आसनासाठी तीन गोण्या आणखी मागवाव्या म्हणत होतो, तर बाई म्हणाल्या, "माझे वजन मी स्वतःच आणते." आणि उशी घेऊन, विणकाम घेऊन त्या बासमतीच्या शेजारी जाऊन बसल्या. पुढून १२० आणि मागून १३५ मिलिमीटर अशी सांगाड्याची उंची ठरली.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. विशबोनच्या मुळाशी रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत जखडते. मग गाडी खाली आली की ते पिळले जाते आणि स्वतःच एक जादा स्प्रिंग होऊन बसते. सगळी मापे फसवी येतात आणि रबरही लवकर फाटते. म्हणून बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर आणायची, भार द्यायचा, दोन हात पुढे-मागे ढकलून बसू द्यायची, आणि मग आवळायचे. मिस्त्रींना हे ठाऊक होते. आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात बुश बदलून घेणाऱ्यांनी मात्र समोर उभे राहून बघावे.

मग ओळंबा. पुढची चाके अगदी ताठ उभी करत नाहीत. माथ्याकडून किंचित आत झुकवतात. वळणावर गाडी बाहेर कलते आणि बाहेरच्या चाकाला आपल्याबरोबर कलवते. आधीच आत झुकवलेले असले की ऐन वेळी ते रस्त्यावर सपाट टेकते. याला कँबर म्हणतात. दुकानात त्याचे यंत्र मिळते. आम्ही दोऱ्याला वजन बांधून चाकाच्या चकतीसमोर सोडले आणि वरचे नि खालचे अंतर मोजले. तेरा इंची चाकाला सुमारे ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. मिस्त्रींना एक अंशच हवा होता. मागचा ॲक्सल एस्कॉर्टचा, अखंड; तिथे झुकवायला काही नाही. पण तो गाडीला काटकोनात आहे ना, हे बघितलेच पाहिजे, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणल्या, कर्ण मोजले. घराचा पाया आखणे आणि हे यांत मला काही फरक वाटला नाही. त्याच दोऱ्यांवरून पुढच्या चाकांची तोंडे बघितली. दोन्ही मिळून एक मिलिमीटर आत वळलेली ठेवली.

तिसरे माप कॅस्टरचे. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. म्हणूनच हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीतही चाक ज्या आसाभोवती वळते तो असाच मागे कलवतात. घरी बांधलेल्या गाड्या सरकारी परीक्षेत पुष्कळदा इथेच अडखळतात. परीक्षक गाडी चालवत नेतो, स्टिअरिंग वळवतो आणि पकड सैल करतो. ते आपणहून सरळीकडे आले पाहिजे. हलक्या गाडीच्या चाकांवर भारच कमी, त्यामुळे नेहमीच्या गाडीचा कलही अपुरा पडतो. मिस्त्रींनी वरचा हात मागे घेऊन साडेपाच अंश ठेवला.

यापुढचे काम मला सगळ्यात आवडले, आणि जिवाशी गाठ असते ती याच कामात. चाकाला वळवणारा टाय रॉड आणि चाकाला धरणारे विशबोन, दोन्ही आपापल्या खुंट्यांभोवती वर-खाली फिरतात. दोन कंपासांची टोके वेगवेगळ्या जागी रोवली, तर त्यांची वर्तुळे जुळणार कशी? खुंट्या नेमक्या जागी नसतील तर चाक खड्ड्यात गेले की टाय रॉड त्याला ओढतो किंवा ढकलतो. स्टिअरिंग तुम्ही स्थिर धरलेले आहे, आणि चाक आपल्या मनाने वळते आहे. याला 'बंप स्टिअर' म्हणतात. साठ मैलांच्या वेगाने, वळणावर, एखाद्या उंचवट्याने हे केले तर काय होईल, ते सांगायला नको.

बघायची रीत साधी. स्प्रिंग काढून टाकायची, स्टिअरिंग बांधून ठेवायचे, आणि चाकाच्या जागी हबवर एक सपाट फळी बोल्टने आवळायची. मग जॅकने हब थोडा थोडा उचलत जायचे आणि दर टप्प्याला फळीच्या पुढच्या नि मागच्या कडेचे अंतर दोरीपासून मोजायचे. नातू लिहून घ्यायला बसला. साठ मिलिमीटरच्या चढउतारात चाकाचे तोंड पाच मिलिमीटर फिरले. मिस्त्रींनी तो कागद पुष्कळ वेळ बघितला, आणि मग म्हणाले, "तिला मी यात बसवणार होतो." स्टिअरिंगच्या रॅकखाली पातळ पट्ट्या घालून तो उचलायला सुरुवात केली. दोन मिलिमीटर, मोजणी, चार, मोजणी, सहा. सहाला फरक एका मिलिमीटरच्या आत आला. या कामाला दोन शनिवार आणि चहाची अगणित भांडी लागली.

शेवटी वजने. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे. पण खरे काटे महाग, आणि न्हाणीघरातला काटा दीडशे किलोंवर हात टेकतो. इथे ओव्हरसियरकी कामाला आली. फळीचे एक टोक विटेवर, दुसरे काट्यावर, आणि चाक बरोबर मध्यावर. तुळईच्या नियमाने काट्यावर निम्माच भार येतो. दिसेल त्याची दुप्पट करायची. असे चार काटे गल्लीतून गोळा झाले, आणि गल्लीतल्या चार बायकांना आठवडाभर वजनाची चिंता राहिली नाही.

एकट्या ड्रायव्हरचे, म्हणजे गोण्यांचे, माप आले ते असे : पुढचे डावे १४८, उजवे १४०, मागचे डावे १४६, उजवे १८६. एकूण ६२० किलो. आता बाजेची गोष्ट आठवा. चार पायांच्या बाजेचा एक पाय लांब असला की ती त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर तोलते, उरलेले दोन पाय उगीच टेकल्यासारखे करतात. गाडीचेही तेच. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ३३४. दुसरा कर्ण २८६. अशी गाडी डावीकडे एक तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्या, आणि जोरात ब्रेक मारला तर पुढचे हलके चाक आधी घसरते. रिंग फिरवून मागचे-पुढचे किंवा डावे-उजवे एकूण वजन बदलत नाही, ते गाडीच्या घडणीनेच ठरलेले. बदलतात ते कर्ण. एका कर्णाच्या दोन रिंगा अर्धा आटा खाली, दुसऱ्याच्या अर्धा वर. ढकल, बसू दे, पुन्हा वाच. संध्याकाळपर्यंत १३६, १५२, १५८ आणि १७४ आले. दोन्ही कर्ण ३१०.

उजवी बाजू अजून ३२ किलोंनी जड होती. एकटा ड्रायव्हर एका बाजूला बसला की ते व्हायचेच. मग बाई त्यांच्या अठ्ठावन्न किलोंसह येऊन बसल्या आणि आम्ही पुन्हा वाचले. फरक सहा किलोंवर आला. मिस्त्रींनी आकडा दोनदा वाचला, काट्याखालची वीट तपासली, आणि आत बघून म्हणाले, "तू बसलीस की ती सरळ उभी राहते." बाईंनी विणकामातून मान वर केली नाही, पण टाके मोजायच्या त्या थांबल्या एवढे मी पाहिले.

परीक्षेला गाडी ऑगस्टात गेली. परीक्षक शांत गृहस्थ. धारदार कडा शोधायला त्यांच्याजवळ एक गोळा असतो. तो गाडीवरून फिरवतात, आणि तो टेकेल तिथे कड गोल हवी. तासन्‌तास चालले. मग ते गाडी घेऊन निघाले, स्टिअरिंग वळवले, पकड सोडली. स्टिअरिंग हळूच, पण आपणहून, परत आले.

स्केगनेस लेस्टरहून सुमारे ऐंशी मैल. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दोघे सकाळी निघाली. शॉक ॲब्सॉर्बर सगळ्यात मऊ खुणेवर, बाईंच्या पाठीशी उशी. रात्री आठला परतली. बाई काठी गाडीतच विसरून चार पावले चालत दारापर्यंत गेल्या. मी कुंपणापलीकडून विचारले, कंबर कशी आहे? म्हणाल्या, "कमरेचे ठीक आहे. पण या गाडीला पर्स ठेवायला जागा का नाही केली, ते याला विचारा."

मी परत आलो. मागच्या आठवड्यात लेकीचा फोन होता, मागून मिस्त्रींचाही आवाज येत होता. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे मैलांत थोड्या बसतात. पुढचा उजवा कोपरा तीन मिलिमीटर खाली आला आहे, तेव्हा शनिवारी पुन्हा सगळे काटे मांडायचे आहेत. पण चार गोण्यांपैकी दोन गणपतीत आणि दसऱ्यात संपल्या. उरलेल्या दोन गोण्यांवर आमच्या नातवाला बसवायचे ठरले आहे. त्याचे वजन अडतीस किलो. बाकीच्या दोन किलोंसाठी लेक फराळाचा डबा देणार आहे.